सिबिल वाचली असती का?

‘डाउन्टन अ‍ॅबी’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या चाहत्यांमधलं एक भांडण काही केल्या मिटत नाही. सिबिलला मारलं कोणी?

१४ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिटनमध्ये तिसऱ्या पर्वाचा तो भाग दाखवला गेला. कथेतलं साल १९२०. उमरावाची धाकटी लेक सिबिल माहेरच्या वाड्यात बाळंत होणार आहे. गावचे डॉक्टर क्लार्कसन म्हणतात, हिचे घोटे सुजलेत, बोलण्यात गोंधळ आहे, पोटातलं मूल लहान वाटतंय, लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आहे. आत्ताच्या आत्ता इस्पितळात नेऊन सिझेरियन करा. लंडनहून मुद्दाम आणलेले सर फिलिप टॅप्सेल म्हणतात, काही बायकांचे घोटे जाडच असतात. बाप लंडनच्या बड्या डॉक्टरचं ऐकतो. मुलगी सुखरूप जन्मते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आणि रात्री सिबिलला झटके सुरू होतात. दोन्ही डॉक्टर पलंगाशी उभे असतात, पण दोघांपाशीही करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तेव्हापासून तट पडले आहेत. काही जण टॅप्सेलला शिव्या घालतात, काही बापाला. तिसरा तट म्हणतो की अभिनेत्रीचा तीन वर्षांचा करार संपत आला होता आणि तिला मालिका सोडायची होती, म्हणून सिबिल गेली. हे खरंच आहे, पण त्यात वाद घालायला जागा नाही, म्हणजे मजाही नाही. आपण वैद्यकाकडे वळू.

सिबिलला झालं होतं ते प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढवणारं दुखणं, आणि त्याचं टोक म्हणजे एक्लॅम्पसिया. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी अचानक लखलखणं आहे, आकाशात वीज चमकावी तसं. बाळंतपणात फिट येते ती हीच. पण दुखण्याचं मूळ मेंदूत नसतं, ते वारेत असतं. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात, चारीचा पाट व्हावा तसं. काही गर्भारपणांत हे काम अर्धवट राहतं. वारेला पुरेसं रक्त मिळत नाही, त्यामुळे मूल खुरटतं. उपाशी वार मग आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर धड राहण्यासाठी लागणारं एक द्रव्य हे प्रथिन पकडून ठेवतं. अस्तर बिघडलं की रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून अल्ब्युमिन झिरपतं, पायात पाणी उतरतं, मेंदूला सूज येते. क्लार्कसननी मोजून दाखवलेली चारही लक्षणं इथे एका माळेत बसतात. हे सगळं कोडं उलगडायला २००३ साल उजाडावं लागलं, आणि तरी ते पुरतं सुटलेलं नाही.

लघवीतलं अल्ब्युमिन शोधणं मात्र १९२० मध्येही सोपं होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्येच झटके येणाऱ्या बाळंतिणींच्या लघवीत ते दाखवलं होतं. परीक्षानळीत लघवी घ्यायची, नळी तिरपी धरून फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, वर दोन थेंब अ‍ॅसेटिक आम्ल टाकायचं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर गोठतो तसा वर ढग धरतो, खालचा भाग नितळ राहतो. ढग दाट असेल तर काळजी जास्त. एवढ्या पुराव्यानंतरही घोट्यांच्या जाडीवर बोलणाऱ्या टॅप्सेलना माझ्याकडून माफी नाही.

पण उद्धटपणाचा गुन्हा वेगळा आणि खुनाचा वेगळा. या दुखण्यावरचा मूळ इलाज तेव्हाही एकच होता आणि आजही तोच आहे: मूल आणि वार दोन्ही बाहेर काढणं. सिबिलची वार निघालीच होती. सिझेरियनने ती काही तास आधी निघाली असती, एवढंच. झटके त्यानंतर आले. एक्लॅम्पसियात हे बऱ्याचदा घडतं. फिट बाळंतपणानंतरच्या दोन दिवसांत येऊ शकते, कधी त्याहूनही उशिरा. शिवाय १९२० चं सिझेरियन म्हणजे आजचं नव्हे. जंतुसंसर्गाला आवरणारी सल्फा औषधं १९३५ नंतरची, पेनिसिलिन त्याच्याही पुढचं. त्या काळात इंग्लंडमध्ये दर १००० बाळंतपणांमागे चार ते पाच आया दगावत. आधीच रक्तदाब चढलेल्या बाईचं पोट उघडणं हा जुगारच होता. दुसरीकडे रशियातून आलेली एक पद्धत होती: खोली अंधारी करायची, आवाज बंद, मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट देऊन बाईला गुंगीत ठेवायचं.

मालिकेत पुढे आजी व्हायोलेट क्लार्कसनना गाठते. मुलीच्या जाण्याने आईबापांत पडलेली फट बुजावी म्हणून, शस्त्रक्रियेनेही ती वाचण्याची शक्यता नगण्य होती असं त्यांनी सांगावं, अशी तिची इच्छा. क्लार्कसन अखेर तसं सांगतात. बरेच चाहते याला सोयीचं खोटं समजतात. मला वाटतं, तसं खोटं त्यात फारसं नव्हतं.

खरी चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, इंग्रजांच्या घरात पोट साफ करायला सर्रास वापरलं जाई. तेच मीठ १९०६ मध्ये जर्मनीत एक्लॅम्पसियाच्या झटक्यांवर टोचून पाहिलं गेलं होतं. ते ब्रिटिश डॉक्टरांच्या गळी उतरायला जवळजवळ शतक लागलं. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या चाचणीने ते तेव्हाच्या औषधांपेक्षा सरस असल्याचं दाखवलं. २००२ च्या मॅग्पाय चाचणीत ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रिया होत्या. तिथे फिट येण्याचा धोका निम्म्याहून खाली आला. सोलापुरातल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या स्त्रियांसाठी मात्रा घटवून पाहिली. ती पद्धत सरदेसाई यांच्या नावाने ओळखली जाते. औषध स्वस्त आहे, देखरेख मात्र डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पुढचा डोस देण्याआधी सिस्टर बाईच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून पाहते. पाय उडाला, मिनिटाला सोळा श्वास भरले आणि पिशवीत लघवी पुरेशी उतरली, तरच सुई. उशाशी ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट तयार असतं, मॅग्नेशियम जास्त झालंच तर उतारा म्हणून.

ऐतिहासिक मालिकेत पुढे कोण मरणार याचा अंदाज बांधायचा तर लेखकाच्या मनात शिरण्यापेक्षा साल बघावं, हे मुरलेल्या चाहत्याला कळतं. १९१८-१९ ला स्पॅनिश फ्लू येणार, तेव्हा वाड्यातलं कोणीतरी जाणार हे ठरलेलंच, वाड्याचा वारस मॅथ्यू याची वाग्दत्त वधू लॅविनिया गेली. खुद्द मॅथ्यू १९२१ मध्ये मोटार हाकताना गेला, ज्या देशात गाडी चालवायची सक्तीची परीक्षाच १९३५ ला आली. सहाव्या पर्वात सिबिलचे वडील लॉर्ड ग्रँथम जेवणाच्या टेबलावर रक्त ओकले तेव्हा त्यांचा अल्सर फुटला होता. अल्सरमागे जिवाणू असू शकतो हे कळायला आणखी सुमारे ६० वर्षं जायची होती.

त्याच पर्वात लॉर्ड मर्टनना पर्निशियस अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षयाचा जीवघेणा प्रकार, असल्याचं निदान होतं. साल १९२५, म्हणजे मृत्युदंडच. शेवटी लेखक ते निदानच चुकलं होतं असं सांगून त्यांना सोडवतो. मला ही पळवाट वाटली, कारण काही महिने कळ काढली असती तर विज्ञानानेच त्यांना सोडवलं असतं. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी अशा ४५ रुग्णांचा अहवाल छापला. त्यांना रोज भरपूर कलेजी खायला घातली होती आणि त्यांचं रक्त सुधारलं होतं. कलेजीत होतं ते बी-१२ जीवनसत्त्व, पण त्याचं नाव तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. मर्टनना दिवसाला पावशेराच्या आसपास कलेजी, तीही अर्धीकच्ची, पोटात घालावी लागली असती. त्यांची नवी बायको इसोबेल ही शिकलेली नर्स. ताट रिकामं झाल्याशिवाय तिने त्यांना टेबलावरून उठू दिलं नसतं.