औषधांची पिशवी आणताना: दाखल करण्यापूर्वी घरच्यांनी वाचावं असं

आई-बाबांना आमच्या ज्येष्ठांच्या शुश्रूषा केंद्रात घेऊन येताना घरची मंडळी कपडे, चष्मा, कवळी, आधार कार्डाची झेरॉक्स सगळं आठवणीने आणतात. अडतं ते औषधांच्या पिशवीपाशी. त्या पिशवीपायी पहिल्याच दिवशी तुमचे आणि आमचे दोन-दोन तास जातात. "नेहमीच्याच गोळ्या आहेत, एवढं काय विचारता?" असं आम्हाला बरेच जण म्हणतात. एवढं का विचारतो, ते इथे सांगतो.

गेल्या वर्षी एका आजींना त्यांचा मुलगा रविवारी संध्याकाळी घेऊन आला. साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली, तर कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे, दोन डब्यांत सुट्या गोळ्या आणि दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. बीपीच्या गोळ्या दोन, वेगवेगळ्या नावांच्या. एक जुन्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेली, दुसरी नंतर हॉस्पिटलमधून सुरू झालेली. आमच्या सिस्टरांनी बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की पहिलीत टेल्मिसार्टन होतं आणि दुसरीत टेल्मिसार्टन अधिक अम्लोडिपिन. म्हणजे एकच औषध रोज दोनदा पोटात जात होतं. सकाळी उठताना आजींना चक्कर यायची, घरी त्या बाथरूममध्ये दोनदा पडल्या होत्या. सगळे म्हणायचे, वय झालं. उभं करून बीपी पाहिलं तर ९४/५८. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी बंद केली, आणि आठवड्याभरात आजी कठडा धरून अंगणात फिरू लागल्या.

यात मुलाचा दोष नव्हता. आपल्याकडे एकाच औषधाची ढीगभर नावं आहेत. बीपीचे डॉक्टर एक लिहितात, हृदयाचे दुसरं, केमिस्ट तिसऱ्याच कंपनीचं देतो. घरात गोळी रंगावरून ओळखली जाते: "सकाळची गुलाबी, रात्रीची अर्धी पांढरी." कंपनी बदलली की रंगही बदलतो. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे, की स्ट्रिप कापू नका आणि गोळ्या सुट्या करून डब्यात भरू नका. एक्सपायरी सहसा स्ट्रिपवर एकाच ठिकाणी छापलेली असते. नेमका तो तुकडा कापला गेला, की ती गोळी कधीची ते कोणालाच सांगता येत नाही. अशी गोळी आम्ही देत नाही, नवी मागवतो. त्यावरून कोणी रागावलं तरी आमचा नाइलाज आहे.

चिठ्ठी सर्वांत अलीकडची हवी. हॉस्पिटलमधून थेट आणत असाल तर डिस्चार्ज कार्ड, आणि त्याआधी चालू असलेल्या औषधांची चिठ्ठीही, कारण गोंधळ या दोन कागदांच्या मधेच होतो. बंद केलेली औषधंही पिशवीत असू द्या, फक्त वेगळी बांधा. काढा, चूर्ण, गुडघ्यासाठी कोणीतरी दिलेल्या पुड्या, टीव्हीवर पाहून मागवलेली कॅल्शियमची बाटली, हे सगळं सांगा. आम्ही नावं ठेवणार नाही. पण थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि तिच्यात व कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर लागतं. घरी दोन्ही सकाळच्या चहाबरोबर देत असाल तर ते आम्हाला कळायला हवं. न उघडलेलं इन्सुलिन बर्फाच्या पिशवीतून आणा, पण बर्फाला चिकटवून नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

"आईच्या गोळ्या तिच्या उशाशीच राहू द्या, तिला सवय आहे," असा आग्रह नेहमी होतो. आम्ही तो मानत नाही. घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेणारी माणसं आम्ही इथे पाहिली आहेत. शुगरच्या काही गोळ्या जेवणाच्या बेतानेच द्याव्या लागतात. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तर साखर एकदम उतरते. "रात्री झोपेची द्या म्हणजे तुम्हालाही त्रास नाही," असंही काही जण आपुलकीने सुचवतात. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय आम्ही ती देत नाही. झोपेच्या गोळीवर रात्री लघवीला उठलेलं माणूस पडतं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढचे कितीतरी महिने अंथरुणावर जातात.

भेटायला आल्यावर "नीट लक्ष देता ना?" असं विचारायला संकोच करू नका. ऑफिसात प्रत्येकाचा औषधांचा तक्ता असतो, तो मागून बघा. गोळी किती वाजता दिली आणि कोणी दिली, त्यापुढे सही असते. जे उठू शकत नाहीत त्यांना पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवतो, त्याचीही नोंद असते. टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी स्वतः बघा. तिथे लाली नसेल तर मावशींनी काम चोख केलं आहे. परदेशात किंवा परगावी असणाऱ्यांना दर रविवारी तक्त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. खाटा २६ आहेत. त्या वाढवा म्हणून सांगणारे खूप भेटतात, पण सिस्टर आणि मावशी तितक्याच राहून खाटा वाढल्या तर हा तक्ता भरायला कोणाला वेळ मिळणार नाही. लग्नकार्यासाठी किंवा प्रवासासाठी पंधरा दिवस आई-बाबांना ठेवायचं असेल, तरी औषधांची हीच पद्धत लागू आहे.

दाखल करण्याची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते दुपारी ३. संध्याकाळी आणि रविवारी डॉक्टर फोनवर भेटतीलच असं नाही, म्हणून आता तेव्हा घेत नाही. आदल्या दिवशी प्रत्येक स्ट्रिपचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि चिठ्ठीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. तुम्ही येईपर्यंत सिस्टरांचा तक्ता तयार असेल, आणि ते दोन तास तुम्हाला आईजवळ बसता येईल.