सामायिक इंटरप्ट : दोषशोधन

संगणकाला जोडलेले उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत पाठवते त्याला इंटरप्ट म्हणतात. दोन किंवा अधिक उपकरणे एकाच इंटरप्ट रेषेवर आली की ती रेषा सामायिक होते. अशा रेषेवरचा बिघाड फसवा असतो. खोट एका कार्डात (संगणकात बसवलेल्या जादा सर्किट-पट्टीत) असते आणि बंद पडते शेजारचे.

आयबीएमच्या 1981 च्या पीसीत इंटेल 8259 ही एकच नियंत्रक चिप होती आणि तिच्या 8 रेषा. 1984 च्या पीसी-एटीत तिला दुसरी चिप जोडली. एक रेषा त्या जोडणीतच खर्ची पडली, 15 उरल्या. टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांचे क्रमांक ठरलेले असत. कॉम-1 आणि कॉम-3 हे सिरियल पोर्ट (बाहेरची उपकरणे जोडायची जागा) 4 क्रमांकावर, तर कॉम-2 आणि कॉम-4 हे 3 क्रमांकावर येत. या यंत्रांतल्या आयएसए स्लॉटवर, म्हणजे कार्डे बसवायच्या खाचांवर, संकेताची फक्त चढती कड (रेषा खालून वर जाण्याचा क्षण) ओळखली जाई, त्यामुळे दोन कार्डे एका रेषेवर आली की एकाचा संकेत हरवे.

सांगली जिल्ह्यात याचे सहज पटणारे उदाहरण म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा. काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून संगणकाला वजन कळवतो. जुन्या संगणकावर काटा कॉम-1 ला आणि मोडेम कॉम-3 ला असेल, तर मोडेम चालू होताच पडद्यावरचे वजन जागीच थांबू शकते. गळीत हंगामात बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना संशय आधी लोडसेलवर, म्हणजे काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या भागावर, जातो. तो उघडण्यापूर्वी मोडेम काढून पाहावा. वजन पुन्हा हलू लागले, तर मोडेमचा जंपर (कार्डावरची रेषा निवडणारी छोटी जोडपिन) बदलून त्याला मोकळी रेषा द्यावी किंवा काटा कॉम-2 वर घ्यावा.

1992 मध्ये आलेल्या पीसीआय या कार्डे जोडण्याच्या नव्या पद्धतीने नियम बदलला. येथे उपकरणाचे काम होईपर्यंत रेषा खाली ओढलेली राहते, त्यामुळे वाटणी मुळातच मान्य आहे. इंटरप्ट आला की त्या रेषेवरचा प्रत्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) आपल्या उपकरणाला ‘संकेत तुझा का?’ असे विचारतो. एखादे कार्ड संकेत मागे घेत नसेल किंवा त्याचा ड्रायव्हरच चालू नसेल, तर रेषा खालीच राहते आणि प्रोसेसर त्याच कामात अडकतो. लिनक्स (विंडोजसारखी एक कार्यप्रणाली) अशा वेळी हिशेब ठेवतो. एक लाख इंटरप्टांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाले, तर तो ‘नोबडी केअर्ड’ अशी नोंद करून ती रेषा बंद करतो. त्यात निर्दोष उपकरणेही भरडली जातात.

म्हणून तपास रेषेपासून सुरू करावा. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ खालच्या ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये कोणत्या रेषेवर कोण आहे आणि कोणाचा आकडा भरधाव वाढतो आहे ते दिसते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणे रिसोर्सनुसार लावून पाहावीत. तेथे अनेक उपकरणांसमोर एकच क्रमांक दिसला म्हणून घाबरू नये. विंडोज एक्सपीच्या काळात हे सर्रास असे आणि यंत्र बिनतक्रार चाले. खोट शोधायची ती संकेत न सोडणाऱ्या कार्डाची. एकेक ड्रायव्हर बंद करून, एकेक कार्ड काढून ते सापडते. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवण्याचा जुना उपाय खरोखर चालतो, कारण स्लॉटच्या चार इंटरप्ट तारा बहुधा प्रत्येक स्लॉटला वेगळ्या क्रमाने जोडलेल्या असतात. न लागणारे पोर्ट बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून, बंद करणेही उपयोगी. लिनक्सचा ‘आयआरक्यूपोल’ पर्याय मात्र तात्पुरता समजावा : तो बेवारस इंटरप्ट आला की आणि टायमरच्या प्रत्येक इंटरप्टलाही सगळे ड्रायव्हर धुंडाळतो, यंत्र मंदावते.

ध्वनिमुद्रणातही हा दोष जाणवतो. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड एका रेषेवर असून नेटवर्कचा ड्रायव्हर रेंगाळला, तर आवाजात कडकड येते. मिरजेत बनणाऱ्या तंबोऱ्याच्या अखंड नादात ती लगेच कानाला टोचते.

पीसीआय 2.2 पासून उपकरणाला तारेऐवजी मेमरीत संदेश लिहून इंटरप्ट देता येतो. ही पद्धत एमएसआय. नंतरच्या एमएसआय-एक्समध्ये एका उपकरणाला 2,048 पर्यंत संदेश मिळू शकतात, म्हणजे वाटणीची गरजच उरत नाही. पीसीआयच्या पुढच्या पिढीचा, पीसीआय एक्सप्रेसचा, भर यावरच आहे. एखाद्या कार्डाचे एमएसआय सदोष असेल, तर लिनक्समध्ये ‘नोएमएसआय’ पर्यायाने सगळी उपकरणे पुन्हा रेषांवर आणता येतात. पण मग जुनी वाटणीही परतते, म्हणून दोष त्या कार्डाचा आहे का हे ताडण्यापुरताच तो वापरावा आणि कार्डातले फर्मवेअर (त्याचा अंगभूत प्रोग्राम) अद्ययावत करावे.