गॉब्लेट पेशी आणि पॅनेथ पेशी: एकाच मुळाच्या, वेगळ्या कामाच्या

कोल्हापुरात वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी लहान आतड्याची स्लाइड पाहताना गॉब्लेट आणि पॅनेथ या पेशींची गल्लत करतात, कारण दोन्ही स्राव सोडणाऱ्या, दोन्ही संरक्षक आणि दोन्ही एकाच मूळपेशीपासून झालेल्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरक लपत नाही. नेहमीच्या रंगद्रव्यात गॉब्लेट पेशीतला श्लेष्म (चिकट, बुळबुळीत स्राव) फिकट राहतो आणि तिचे केंद्रक तळाशी दाबलेले दिसते. पॅनेथ पेशी क्रिप्टच्या (आतड्याच्या अस्तरातील खोलगट खळगीच्या) अगदी तळाशी घोळक्याने बसतात व त्यांच्यात लालभडक कण दाटलेले असतात.

नव्या पेशीत नॉच हा शेजारच्या पेशीकडून येणारा संदेश चालू राहिला तर ती अन्न शोषणारी होते. तो थांबला तर ॲटोह-१ हे प्रथिन तिला स्रावी वाटेला लावते. पुढे विंट या दुसऱ्या पेशी-संदेशाचा जोर असेल तर पॅनेथ पेशी घडते. गॉब्लेट पेशी वर सरकत काही दिवसांतच गळून पडते, तर पॅनेथ पेशी तळाशीच अनेक आठवडे टिकते आणि शेजारच्या मूळपेशींना वाढीचे संदेशही पुरवते. माझ्या मते हे दुसरे काम तिच्या जंतुनाशक कामाइतकेच महत्त्वाचे आहे, पण त्याची चर्चा कमी होते.

संरक्षणाची पद्धतही निराळी आहे. गॉब्लेट पेशीच्या म्यूसिन-२ या प्रथिनामुळे मोठ्या आतड्यात श्लेष्माचे दोन थर तयार होतात आणि आतल्या थरात जिवाणूंना जवळपास शिरकाव नसतो. ज्या उंदरांत हे प्रथिन बनत नाही, त्यांच्या मोठ्या आतड्याला आपोआप दाह होतो. पॅनेथ पेशी लायसोझाइम आणि डिफेन्सिन ही जंतुनाशक द्रव्ये सोडून जिवाणूंना थेट मारते. म्हणूनच अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात) गॉब्लेट पेशींची घट ठळक असते, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील क्रोन्स या दीर्घकालीन दाहाच्या आजाराशी पॅनेथ पेशींतील बिघाडाचा संबंध जोडला जातो. २००१ मध्ये या आजाराशी निगडित ठरलेले नॉड-२ जनुक याच पेशींत विशेष कार्यरत असते.

निरोगी प्रौढाच्या मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात पॅनेथ पेशी सहसा नसतात. तिथल्या बायॉप्सीत (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात) त्या आढळल्या, तर रोगनिदानतज्ज्ञ दीर्घकाळ चाललेल्या दाहाचा विचार करतात.