गालिसियात पाहुण्याशी स्पॅनिशच का बोलतात?

स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या भाजीबाजारात आसपासच्या खेड्यांतल्या बायका सकाळी माल मांडून बसतात. पुढ्यात शलगमाच्या पाल्याच्या जुड्या, पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या आणि तेतिया नावाचं घुमटाच्या आकाराचं चीज. शेजारणीशी गप्पा चाललेल्या असतात त्या गालिसियन या इथल्या भाषेत. तेवढ्यात पाठीला सॅक लावलेला एखादा परदेशी विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला की तीच बाई त्याने तोंड उघडायच्या आत स्पॅनिशवर येते. सक्ती नाही, कुणी सांगितलेलंही नाही. जीभ आपोआप वळते.

या वळणाला पाचशे वर्षांचा इतिहास आहे. सहा महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी इथे आलेल्या विनिमय विद्यार्थ्याला तो सहसा ठाऊक नसतो. घरी दोन-तीन वर्षं स्पॅनिश शिकून तो येतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याची पंचाईत होते. विद्यापीठाचा ईमेल गालिसियनमध्ये, सूचनाफलक गालिसियनमध्ये, आणि एखादे प्राध्यापक तासही गालिसियनमध्ये घेतात, कारण कोणत्या भाषेत शिकवायचं हे तिथे शिकवणाराच ठरवतो. ‘हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही’ ही पहिली तक्रार. चार महिन्यांनी तोच विद्यार्थी नेमकी उलटी तक्रार करतो: भाषा आजूबाजूला ऐकू येते, पण माझ्याशी ती कुणी बोलतच नाही. माझ्या मते या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

आधी नावाचा घोळ मिटवून टाकू. पोलंड आणि युक्रेनच्या सीमेवर याच नावाचा एक जुना प्रांत होता, तो हा नव्हे. हा गालिसिया स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या बरोबर डोक्यावर आहे. आ कोरुन्या, लुगो, ओरेन्से आणि पोंतेवेद्रा असे चार जिल्हे आणि सुमारे 27 लाख वस्ती. राजधानी सांतियागो, जिथलं विद्यापीठ 1495 पासूनचं आहे. इथली माणसं आपल्या भाषेला ‘गालेगो’ म्हणतात आणि स्पॅनिशला ‘कास्तेयानो’ किंवा कास्तीलियन, म्हणजे मध्य स्पेनमधल्या कास्तील या जुन्या राज्याची भाषा.

गालेगो ही स्पॅनिशची बोली नाही. रोमनांच्या लॅटिनमधून या कोपऱ्यात जी भाषा घडली तिला अभ्यासक गालिसियन-पोर्तुगीज म्हणतात. मिन्यो नदीच्या अलीकडे-पलीकडे ती एकच होती. बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं आणि एका भाषेच्या दोन वाटा झाल्या. त्या काळी तिचा मान असा होता, की खुद्द कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो (राज्यकाळ 1252 ते 1284) कायदा आणि इतिहास कास्तीलियनमध्ये लिहवून घेत असे, पण मेरीमातेची गीतं मात्र गालिसियन-पोर्तुगीजमध्ये. अशी चारशेहून अधिक गीतं त्याच्या नावावर आहेत. विगोच्या समुद्राला ‘माझा सखा पाहिलास का?’ असं विचारणाऱ्या मुलीची सात गाणी मार्तीन कोदाश या कवीने याच भाषेत रचली. पुढे भाषेची काय गत झाली, ते या गाण्यांच्या चर्मपत्रावरूनच कळतं. 1914 मध्ये माद्रिदच्या एका पुस्तकविक्रेत्याला ते सापडलं ते सिसेरो या रोमन लेखकाच्या एका हस्तलिखिताच्या बांधणीत. कुणा बांधणाऱ्याने कधीतरी ते निव्वळ चांगलं कातडं म्हणून पुठ्ठ्यासाठी वापरून टाकलं होतं.

इथे मराठी वाचकासाठी थोडं आडवळण. आपण रोज खिशात टाकतो ती ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आलेली. आजच्या लिस्बनमध्ये तो शब्द ‘शाव्ह’सारखा ऐकू येतो, माद्रिदमध्ये ‘याबे’, आणि गालिसियात ‘चाबे’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा त्यांचा ‘च’ अजून ‘श’ झालेला नव्हता. तो जुना ‘च’ गालिसियाने जपला, आणि कोकण-गोव्यामार्गे मराठीनेही. घमेल्याचंही तसंच. मूळ पोर्तुगीज ‘गामेला’ म्हणजे लाकडी काथवट. गालिसियाच्या दक्षिण किनाऱ्यावर सपाट बुडाच्या लहान मासेमारी होडीला आजही ‘गामेला’च म्हणतात. त्या पहिल्या जहाजांवरही गालिसियाचा माणूस होता. 1501 मध्ये भारताकडे निघालेल्या तिसऱ्या पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख जुआंव द नोव्हा हा ओरेन्सेकडच्या मासेदाचा. पुढे तो कोचीत वारला.

त्याच सुमारास मायदेशी भाषेचे दिवस फिरत होते. कास्तीलच्या गादीच्या भांडणात गालिसियाच्या बऱ्याच सरदारांनी हरणारी बाजू धरली. इसाबेला राणी झाली तशी तिने त्यांची सद्दी मोडली. 1483 मध्ये त्यांच्यातल्या मारिस्काल (सेनापती) पार्दो दे सेला याचा शिरच्छेद झाला. मोठ्या जागांवर कास्तीलहून सरदार, बिशप, न्यायाधीश आणि कारकून आले. सोळाव्या शतकातला इतिहासकार सुरिता याबद्दल लिहिताना जे क्रियापद वापरतो ते घोडा वठणीवर आणण्याचं आहे. सोळाव्या शतकात दस्तऐवज कास्तीलियनमध्ये होऊ लागले आणि पुढची तीन शतकं, ज्यांना गालिसियन लोक ‘काळोखी शतकं’ म्हणतात, या भाषेत जवळजवळ काही लिहिलं गेलं नाही. पण बोलणं थांबलं नाही, ही त्यातली विलक्षण गोष्ट. शेतकरी, कोळी, सुतार, दाई सगळे गालेगोच बोलत. वरच्या पाच-दहा टक्क्यांची भाषा एक आणि खालच्यांची दुसरी, अशी उभी नव्हे तर आडवी फाळणी झाली. मठात, कचेरीत, कोर्टात तोंड उघडायचं तर कास्तेयानोत. मग ती येवो न येवो. बाजारातल्या बाईची जीभ वळते ती इथून. समोरचा शहरी, शिकलेला किंवा परका दिसला की त्याच्याशी ‘चांगलं’ बोलायचं. 1768 च्या राजाज्ञेने शाळांमध्ये कास्तीलियन सर्वत्र लावली, त्याला फादर मार्तीन सार्मिएन्तो या बेनेडिक्टाइन संन्याशाचा कडवा विरोध होता. मुलाला त्याच्या भाषेत शिकवा, एवढं साधं त्याचं म्हणणं. कुणी मनावर घेतलं नाही.

रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीने घेतलं, पण शंभर वर्षांनी. 1863 मध्ये तिचा ‘कान्तारेस गायेगोस’ हा कवितासंग्रह विगोत छापला गेला. लोकगीतांची एकेक ओळ उचलून त्यावर रचलेल्या या कवितांनी भाषेला पुन्हा छापील अक्षर मिळालं. अर्पणपत्रिकेवरची तारीख 17 मे. शंभर वर्षांनी, 1963 पासून, तोच दिवस गालिसियन साहित्य दिन म्हणून पाळला जाऊ लागला. गौरवाच्या भाषणांत एक गोष्ट सहसा गाळली जाते. 1881 मध्ये गालिसियन चालीरीतींवर तिने लिहिलेल्या एका लेखावरून तिच्याच मुलखातले लोक तिच्यावर तुटून पडले. पुन्हा गालिसियनमध्ये लिहिणार नाही, असं तिने चिडून कळवलं आणि शेवटचा संग्रह स्पॅनिशमध्ये काढला. भाषेच्या आईलाही भाषेच्या लोकांनी सोडलं नाही, हे वाचून कुणा मराठी माणसाला फारसं नवल वाटू नये.

तेव्हाचा अर्धा गालिसिया बोटीवर होता. ब्वेनोस आइरेस आणि हवाना इथे इतके लोक गेले, की अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’च म्हणतात, आणि त्याच्या अडाणीपणाचे विनोद आपल्याकडच्या जातींवरच्या कुठल्याही विनोदांइतकेच खालच्या थराचे असतात. पण 1906 मध्ये आ कोरुन्यात गालिसियन अकादमी उभी राहिली ती हवानातल्या याच लोकांच्या पाठबळावर, आणि गालिसियाचं गीत पहिल्यांदा गायलं गेलं तेही 1907 मध्ये हवानातच.

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते फेदेरिको गार्सिया लोर्का या स्पॅनिश कवीचं प्रकरण. हा दक्षिणेतल्या ग्रानादाचा. 1916 मध्ये विद्यापीठाच्या अभ्यासदौऱ्यातून तो सांतियागोला आला. विनिमयबिनिमय काही नव्हतं, काही दिवसांची सहल. गालेगो त्याची कुणी नव्हे. पण पुढे पुन्हा येऊन, गालिसियन मित्रांची मदत घेऊन त्याने त्या भाषेत सहा कविता लिहिल्या. 1935 च्या अखेरीस आंशेल कासाल याने सांतियागोत त्या छापल्या. कासाल पुढे शहराचा महापौर झाला. 28 जून 1936 रोजी गालिसियाने स्वायत्ततेच्या मसुद्याला कौल दिला, आणि तीन आठवडे व्हायच्या आत यादवी युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये कवी ग्रानादाजवळ मारला गेला आणि छापणारा सांतियागोजवळ.

युद्ध जिंकणारा हुकूमशहा फ्रांको हा गालिसियातल्याच फेरोलचा. त्याच्या राजवटीत घरात बोलायला कुणी अडवत नव्हतं. पण शाळा, चर्चचं प्रवचन, कचेरी आणि वर्तमानपत्र स्पॅनिशच होतं. खरा घाव मात्र घरातच बसला. साठच्या दशकापासून खेडी रिकामी होऊन लोक विगो आणि आ कोरुन्यात आले, तेव्हा आईबाप आपापसात गालेगो बोलत राहिले आणि मुलांशी मोडकंतोडकं का होईना स्पॅनिश बोलू लागले. पोराला पुढे त्रास नको. या मिसळीला ‘कास्त्रापो’ असं हिणवतात. आज वर्गात विनिमय विद्यार्थ्याच्या शेजारी बसणारा विशीतला मुलगा बहुधा अशा घराचा नातू असतो: आजीचं गालेगो समजतं, टीव्हीवर ‘ड्रॅगन बॉल’ गालेगोत पाहणाऱ्या पिढीचे आईबाप, आणि स्वतः मित्रांशी स्पॅनिशमध्ये.

1978 च्या राज्यघटनेने स्पॅनिश येणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आणि इतर भाषांना आपापल्या प्रदेशात अधिकृत दर्जा दिला. 1981 च्या स्वायत्तता कायद्याने गालेगोला गालिसियाची ‘स्वतःची भाषा’ म्हटलं, 1983 चा भाषाकायदा तिथल्या विधिमंडळात एकमताने झाला, 1985 मध्ये गालिसियन दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या भाषाकायद्यात गालेगो येणं हेही कर्तव्य म्हणून लिहिलं होतं. 1986 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तेवढाच तुकडा कापला. म्हणजे स्पॅनिश सगळ्यांना यायलाच हवी आणि गालेगो नाही आलं तरी चालतं. बाजारातली सवय अशी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. 2010 च्या शिक्षणविषयक हुकमाने माध्यमिक शाळेत गणित, भौतिक-रसायन आणि तंत्रज्ञान हे विषय स्पॅनिशकडे दिले, त्यावर रस्त्यावर मोर्चे निघाले. मोर्चेकऱ्यांचा राग मला पटतो. समीकरणं ज्या भाषेत सुटत नाहीत ती भाषा मूल मनातल्या मनात खालच्या पायरीवर ठेवतं.

स्पेन 1986 मध्ये युरोपीय समुदायात आला आणि लगेच 1987 मध्ये विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशांत शिकायला पाठवणारी इरास्मस योजना निघाली. तिच्यामागचा युरोपीय आयुक्त मानुएल मारीन स्पॅनिशच होता. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी. 2004 पासून तिच्या मुंदुस शाखेने युरोपाबाहेरच्यांनाही दार उघडलं, आणि भारतीय विद्यार्थी त्यातून मोठ्या संख्येने जाऊ लागले. योजनेच्या कागदावर देश असतात, भाषा त्यांच्यामागून येतात; म्हणून स्पेनला जायचं तर स्पॅनिश शिकायचं, असं सरळ गणित मांडून मुलं येतात. मग तिसाच्या वर्गात एकाने हात वर करून ‘स्पॅनिशमध्ये शिकवाल का?’ विचारलं, तर अख्खा तास वळू शकतो. बाकीचे एकोणतीस काही बोलत नाहीत. हा सौजन्याचा भाग आहेच, पण सौजन्याची दिशा नेहमी एकच असते. मुंबईत रिक्षावाल्याशी आपण हिंदीत सुरुवात करतो तेव्हाही तेच.

याला अपवाद ब्राझीलच्या मुलांचा. ती आपली पोर्तुगीज बोलतात, समोरचा गालेगोत उत्तर देतो आणि मधे स्पॅनिशची गरजच पडत नाही. मधली सातशे-आठशे वर्षं त्या दोघांपुरती गळून पडतात.

गालिसियाच्या सांख्यिकी संस्थेच्या 2023 च्या पाहणीत पहिल्यांदाच गालेगोपेक्षा स्पॅनिश जास्त बोलणारे अधिक निघाले. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना गालेगो जेमतेम बोलता येतं किंवा येतच नाही. दुसरीकडे ‘नेओफालान्ते’ म्हणजे घरी स्पॅनिश असूनही ठरवून गालेगोकडे वळलेली तरुण मंडळी आहेत, जास्त करून शहरांत आणि विद्यापीठांत. विनिमय विद्यार्थ्याला ही भाषा शिकवायला तयार होतात ती बहुधा हीच मंडळी. सांतियागोत परदेशी विद्यार्थ्यांसाठी गालेगोचे वर्गही चालतात.

मराठी मुलाला त्या वर्गात एक गोष्ट न शिकवता जमेल. स्पॅनिश माणूस ‘जेवलास का?’ला ‘सी’ म्हणजे ‘हो’ म्हणतो. गालिसियन माणूस क्रियापदच परत देतो. ‘शा कोमिचेस?’ ‘कोमीन.’ जेवलास? जेवलो. ‘तेस चाबे?’ ‘तेन्यो.’ चावी आहे? आहे. मग भाजीबाजारात जाऊन मिरच्यांचा भाव विचारायचा: ‘कांतो ए?’ पहिल्या खेपेला उत्तर स्पॅनिशमध्येच येतं. दुसऱ्या खेपेलाही बहुधा.