आंजर्ल्याच्या डोंगरावरचे सपाट छपराचे घर : पार्श्वभूमी

सुवर्णदुर्गाकडे तोंड करून असलेला साठच्या दशकातला एक बंगला दुरुस्त होऊन पुन्हा उभा राहिला आहे. त्याच्या छपरावरून गावात सरळ दोन तट पडले आहेत. जुना पत्रा उतरवून पुन्हा सपाट स्लॅब उघडा ठेवणे शहाणपणाचे होते का, हा तो वाद.

आधी गवत, मग नळ्याची कौले, मग मंगळुरी कौले, असा इथल्या छपरांचा प्रवास. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईत शिकलेल्या आर्किटेक्टांनी सपाट स्लॅब आणला. खाली जांभ्याच्या उघड्या भिंती, समुद्राच्या अंगाला भिंतीऐवजी काचा, वाऱ्यासाठी सिमेंटची जाळी, पायाखाली मोझॅकच्या लाद्या. ओटी-पडवी-माजघर हा क्रम सोडून घर उतारावर आडवे पसरलेले. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या मुलखात हे धाडसच होते. तरी घराचे बारा वाजले ते सपाटपणामुळे, हे जे सर्रास सांगितले जाते ते पटत नाही.

खरी गोम मालात होती. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते. हे नियंत्रण १९८२मध्ये सैल झाले आणि १९८९मध्ये पूर्ण उठले. परमिटावर मिळालेली पोती आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नसताना होडीतून आणायची आणि डोक्यावरून डोंगर चढवायची. साहजिकच माल गरीब, म्हणजे कमी सिमेंटचा, कालवला गेला. रेती खाडीचीच, खारट. दुरुस्तीच्या वेळी स्वयंपाकघराच्या वरची खपली काढली, तेव्हा आतली तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सळी बोटांनी कुस्करता येईल इतकी पापुद्र्यापापुद्र्यांची झाली होती. तिच्याखालचे कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, चार सूतही नव्हते. मीठ आणि दमट हवा सळीपर्यंत पोहोचली की लोखंड गंजते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि त्या फटींतून पाणी झिरपते. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाने स्लॅब तडकला असेही गावात सांगतात. प्रत्यक्षात ती जुनी भेग फक्त कठड्याला आहे.

गळती लागल्यावर सगळ्यांनी केले तेच इथेही झाले. आधी डांबर, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा. त्याने मुळातच दुबळ्या स्लॅबवर वजन तेवढे वाढले. शेवटी लोखंडी पाइप उभे करून वर पत्रा चढवला. आज दापोलीपासून मालवणपर्यंत असे स्लॅबवरचे पत्रे दिसतात. त्यांची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात सुपारी, नारळ, जळाऊ लाकडे कोरडी राहतात ती त्याच आडोशाला. पण पत्र्याखाली स्लॅब दिसेनासा झाला आणि त्याची दुरुस्ती कायमची टळली. आत गंज चालूच राहिला.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरे आणि बागा एका दिवसात गेल्या. या घरावरचा अर्धा पत्रा पाइपांसकट उखडून खालच्या वाडीच्या बागेत पडला. वादाची सुरुवात तिथून. गावातल्या जाणत्या गवंड्यांचे म्हणणे होते की नवा पत्रा जाड बोल्टांनी घट्ट बसवावा, कारण स्लॅब उघडा टाकणे म्हणजे दरवर्षी खर्चात पडणे. दुरुस्ती करणाऱ्यांनी उरलेला पत्राही उतरवला. कोबा फोडून वजन कमी केले, गेलेल्या सळ्यांशेजारी नव्या जोडल्या आणि समुद्राकडचा पट्टा तोडून धुतलेल्या नदीच्या वाळूत नव्याने ओतला. समुद्राचे तुषार लागणाऱ्या काँक्रीटला सळीवर ५० मिलिमीटर कव्हर हवे, असे २००० सालचे भारतीय मानक सांगते. ते इथे पाळले आहे. दर १०० फुटांना एक फूट असा उतार दिला, पाणी जाण्याची तोंडे वाढवली आणि कडेखाली पाणी तुटावे म्हणून खाच ठेवली.

यावर दुसरा आक्षेप उलट बाजूने आला. कव्हर वाढल्याने स्लॅबची कड मूळच्यापेक्षा जाड दिसते, मग हे जुने घर कसले? आक्षेप खरा आहे. पण मूळ बारीक कड हवी म्हणायचे तर पुन्हा सळ्या गंजू द्यायच्या. जाड कड पत्करली हे योग्यच झाले. पानगळीने तोंडे तुंबणार, मे महिन्यात कोणीतरी वर चढून ती साफ करावीच लागणार. कौले शाकारतानाही माणूस छपरावर चढतच होता की.

आवाराची गोष्ट छोटी आहे. घर बांधले तेव्हा हा वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, उतार जवळजवळ उघडा, गवताचा होता. काचांमधून किल्ला अडथळ्याविना दिसायचा. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि उतारावर काजू आणि हापूसची कलमे उभी राहिली. निसर्ग वादळात त्यांतली बरीच पडली. नव्या लागवडीत किल्ल्याच्या दिशेने मोकळी पट्टी सोडली आहे. जांभ्याचे पडलेले गडगे (दगडी बांध) पुन्हा रचले, तेही सिमेंट न लावता, म्हणजे पावसाचे पाणी अडून माती मागून ढकलत नाही. वाडीतून वर जाणारी पाखाडी (दगडी पायवाट) मात्र याच आवारातून जाते. तिच्यावर फाटक नसावे असा वाडीचा आग्रह आहे आणि सध्या तरी ती उघडी आहे.