अ पेअर ऑफ मस्टॅशिओज (कथा आणि तिचे अध्ययन)

मुल्कराज आनंद यांची इंग्रजीतील विनोदी लघुकथा. मिशीच्या टोकावरून एक कफल्लक खान आणि गावचा सावकार यांची जुंपते आणि सावकाराची मिशी खाली आणवण्याच्या हट्टापायी खान होते नव्हते ते गमावून बसतो, एवढेच कथानक. आकाराने लहान, भाषा सोपी आणि विनोद उघड असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांत इंग्रजीच्या अभ्यासाला ती वरचेवर नेमली जाते. बहुतेक वेळा ‘गर्वाचे घर खाली’ एवढे तात्पर्य काढून तिची बोळवण होते. कथेत मात्र त्याहून बरेच काही आहे.

आनंद यांचा जन्म १२ डिसेंबर १९०५ रोजी पेशावरचा. घराण्याचा परंपरागत व्यवसाय तांबटकामाचा, वडील मात्र ब्रिटिश फौजेत नोकरीला. त्यामुळे मुलाचे बालपण छावण्यांत गेले. सुभेदाराचा रुबाब, साहेबाचा तोरा, वाण्याचे मऊ बोलणे हे सारे त्यांनी जवळून पाहिले. अमृतसरला खालसा महाविद्यालयात आणि पुढे लंडनला त्यांचे शिक्षण झाले. ‘अनटचेबल’ (१९३५) आणि ‘कुली’ (१९३६) या कादंबऱ्यांनी त्यांचे नाव झाले, आणि प्रगतिशील लेखक चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे मुंबईतून त्यांनी ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक काढले. खंडाळ्याला त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. २००४ मध्ये पुण्यात ते वारले. कादंबऱ्यांतला त्यांचा करुण, संतप्त सूर ज्यांनी आधी वाचला असेल, त्यांना या कथेतला मिस्कीलपणा सुखद धक्का देतो.

कथेची सुरुवात एखाद्या शास्त्रीय वर्गीकरणाच्या थाटात होते. आमच्या देशात वर्गावर्गांच्या सीमा मिशांनी आखल्या जातात, असे निवेदक गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि जंत्री देतो. राजेमहाराजे, नवाब आणि इंग्रज सेनापती यांची सिंहमिशी. वैभव ओसरलेल्या, पण ताठा शाबूत असलेल्या सरदार घराण्यांची वाघमिशी. नव्याने पैसा मिळवलेल्या व्यापाऱ्या-दुकानदारांची बोकडमिशी. ही बारीक असते आणि तिची टोके प्रसंग पाहून वर-खाली करता येतात, हमालापुढे वर, मातबर गिऱ्हाइकापुढे खाली. कारकून आणि पेशेवाल्यांची चार्ली चॅप्लिन मिशी म्हणजे जुनी भरदार मिशी आणि साहेबी सफाचट ओठ यांच्यातली तडजोड. त्या काळी सफाचट चेहऱ्याला ‘कर्झन कट’ म्हणत, हा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या बिनमिशीच्या चेहऱ्याचा प्रताप. हमालांना मेंढीमिशी आणि शेतकऱ्यांना उंदीरमिशी देऊन यादी संपते. विद्यार्थी इथेच हसतात, आणि पुष्कळदा हा भाग नुसती गंमत म्हणून मागे पडतो. वास्तविक पुढच्या कथेचे सारे नियम इथे मांडलेले आहेत: बोकडमिशीची टोके हलतात, वाघमिशीची हलत नाहीत.

मोगल दरबारातल्या अफगाण उमरावांचा वंशज म्हणवणारा खान आझम खान पडक्या घरात राहतो. अंगात जरीच्या विटक्या बंडीचे अवशेष, घरात खाण्याची भ्रांत. बायकोची सोन्याची नथ गहाण टाकायला तो सावकार रामानंदकडे येतो. दागिना दाखवण्याआधीच त्याची नजर जाते सावकाराच्या मिशीकडे, जिची टोके हल्ली खानाच्या वाघमिशीसारखी किंचित वर वळली आहेत. संतापलेल्या खानापुढे रामानंद तेलकट हाताने एक टोक खाली करतो आणि नथ ठेवून घेतो. खान उठताना पाहतो, तर दुसरे टोक वरच. रामानंदाचा जबाब बिनतोड आहे: एवढ्या गहाणवटीत एवढेच नमणे बसते, आणखी मोलाचा ऐवज आणलात तर विचार करू. खान तोही आणतो, आणि अखेर घरातली चीजवस्तू सावकाराच्या नावे करून देतो. बदल्यात सावकाराने मिशीची दोन्ही टोके कायमची खाली ठेवायची. पंचांसमक्ष कागद होतो. खान बायकामुलांसह बाहेर पडतो, त्याची मिशी अजूनही ताठ.

मराठी वाचकाला इथे सुंभ आणि पीळ आठवल्यावाचून राहत नाही. पण नुसता पीळ पाहिला तर अर्धी कथा निसटते. रामानंद मान विकत देतो आणि तोही किरकोळीने, टोकाटोकाने. खानाला जी गोष्ट अनमोल वाटते, तिला या दुकानदाराच्या लेखी भाव आहे. सोन्याचा दर सांगताना जगभरची सरकारे सुवर्णमान, म्हणजे चलनाचे मोल सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत, सोडण्याच्या बेतात असल्याचे तो ऐकवतो. ब्रिटनने सुवर्णमान सोडला तो १९३१ मध्ये. खेड्यातला हा सावकार लंडनच्या बातम्यांवर गहाणाचा भाव पाडतो आहे, आणि खान अजून मोगल दरबारात उभा आहे. दोघांची शतकेच वेगळी. शिकवताना वेळ कमी असेल तर बाकी सोडून हा एक तपशील घ्यावा.

कथेतल्या शेतकऱ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. सावकाराची मिशी वर गेली तेव्हा ते गप्प राहिले, कारण बहुतेक जण त्याचे ऋणको होते. पंजाबात शेतजमीन सावकारांच्या हाती जाऊ नये म्हणून १९०० मध्येच कायदा झाला होता, तरी कर्जाचा फास सुटला नाही. हेच लोक पुढे खानाच्या पूर्वजांच्या बढाईची टर उडवतात. कथेतले हसू नेहमी पडलेल्यावर पडते, आणि आनंद यांचा राग असेल तर तो इथे दडलेला आहे.

कथेवर एक आक्षेप घेता येतो: ताठर पठाण आणि लोभी वाणी हे ठोकळे आहेत, आणि त्यांना धर्मही चिकटलेला आहे. वर्गात याची चर्चा टाळू नये. निवेदकाने पहिल्याच परिच्छेदात चिनी, अमेरिकन आणि इंग्रजांनाही याच हट्टीपणात ओढले आहे, त्यामुळे ठोकळ्यांची थट्टा एका समाजापुरती राहत नाही. हे उत्तर पुरेसे आहे असे मात्र नाही.

कोणी कशी मिशी ठेवावी यावरची ही मालकी काल्पनिक नव्हे. २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यातील लिंबोदरा गावी मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या, आणि निषेध म्हणून अनेकांनी समाजमाध्यमांवर मिशीची चित्रे लावली. रामानंदाची गोष्ट निराळी. तिजोरी पाठीशी असल्यामुळे मिशी खाली करणे त्याला परवडते.