"जरा कमी आहे" म्हणतात, पण मेंदूत नक्की काय कमी असतं?

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, आनंद झाला की हात फडफडवतं, की आधी सगळे म्हणतात "मुलगे उशिराच बोलतात" आणि दोन वर्षांनी तेच लोक हळू आवाजात म्हणतात "जरा कमी आहे हो तो". हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. कारण फ्रॅजाईल एक्स नावाच्या एका आजारात तरी शास्त्रज्ञांनी मेंदूच्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या तेव्हा चित्र उलटंच निघालं.

आधी थोडक्यात. बौद्धिक अक्षमता हा काही एकच आजार नाही. बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली, सोबत रोजच्या व्यवहारात अडचण आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं, अशी व्याख्या आहे. कारणं मात्र शेकडो. २१ वं गुणसूत्र एक जास्त असलं की डाऊन सिंड्रोम, जन्मताना ऑक्सिजन कमी पडणं, जन्मापासून थायरॉईड कमी असणं (हे वेळेत सापडलं तर रोजच्या गोळीने नुकसान टळतं, म्हणून नवजात बाळाची ती तपासणी चुकवूच नये). आज मात्र मला फ्रॅजाईल एक्सबद्दलच (म्हणजे "नाजूक एक्स", एक्स गुणसूत्रातल्या दोषामुळे होणारा आजार) बोलायचंय. बौद्धिक अक्षमतेच्या घराण्यातून चालत येणाऱ्या कारणांमध्ये हे सगळ्यात जास्त आढळतं.

१९४३ साली मार्टिन आणि बेल या संशोधकांनी एका कुटुंबाची नोंद केली, त्यात बौद्धिक अक्षमता बहुतेक पुरुषांनाच होती आणि ती बायकांच्या बाजूने पुढे येत होती. १९६९ मध्ये लब्ज या संशोधकांना अशाच एका कुटुंबातल्या पुरुषांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी बारीक चिमटा दिसला, जणू टोक तुटून पडेल. पण इतरांना तो कधी दिसायचा, कधी नाही. ऑस्ट्रेलियात ग्रँट सदरलँड यांनी लॅब बदलली आणि त्यांना आधी दिसत असलेल्या अशा नाजूक जागा चक्क गायब झाल्या! कारण काय, तर नव्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं द्रावण जास्त पौष्टिक होतं, जुन्यात फोलेट (एक ब जीवनसत्त्व) कमी होतं, आणि फोलेट कमी असलं तरच त्या जागा दिसतात. १९७७ ला हे छापून आलं आणि निदान शक्य झालं.

१९९१ मध्ये जनुक सापडलं, एफएमआर१. त्याच्या सुरुवातीला सी-जी-जी ही डीएनएची तीन अक्षरं एकामागे एक येतात, बहुतेकांत तीसेक वेळा. ५५ ते २०० वेळा असली तर माणूस वाहक, आणि २०० च्या वर गेली की पेशी त्या सगळ्या भागावर मिथाइलचे रासायनिक टिकले चिकटवून जनुकच बंद करून टाकते. म्हणजे प्रोटीनची कृती शाबूत आहे पण वहीच कुलपात. मजा अशी की वाहकाकडून २०० च्या वर उडी होते ती आईकडून मुलाकडे किंवा मुलीकडे जाताना. वाहक वडिलांकडून सगळ्या मुलींना ते जातं पण वाहक पातळीवरच राहतं, मुलग्यांना तर वडिलांचा एक्स मिळतच नाही.

आता माझा आवडता भाग. बंद पडलेलं प्रोटीन, एफएमआरपी, करतं काय? ते ब्रेक आहे. दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे, त्या जोडाजवळच, आरएनए (जनुकातल्या कृतीच्या नकला) तयार ठेवलेले असतात आणि संदेश आला की एमग्लुआर५ नावाचा ग्राही (पेशीवर बसून संदेश पकडणारं प्रोटीन) "बनवा" म्हणतो, मग तिथल्या तिथे नवी प्रोटीनं बनतात, जोड घट्ट किंवा सैल होतो, शिकणं म्हणतात ते बरंचसं हेच. एफएमआरपी त्या आरएनएंना धरून वेग आवरतं. ते नसलं की प्रोटीनं बनतच राहतात, जोड सैल होणं प्रमाणाबाहेर होतं, आणि चेतापेशीवरचे काटे, ज्यांच्यावर हे जोड बसतात, ते संख्येने जास्त पण लांबट, बारीक, अर्धवट राहतात. जोड कमी नाहीत, जास्त आहेत. छाटणी राहून गेलेली बाग. आवाज, गर्दी, स्पर्श या मुलांना असह्य होतो तोही काहीसा याच आवरत नसलेल्या कारभारामुळे.

यात आईने काय खाल्लं, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचं पाप, याला जागाच कुठे आहे? तीन अक्षरांची संख्या वाढली, बस. त्या आईला आधीच रात्रीची झोप नसते, तिला हे बोलू नका. आणि बुद्धी वाढवणारी टॉनिकं विकणाऱ्यांनाही दारात उभं करू नका, कुठलंही टॉनिक ते मिथाइल काढत नाही. खरं सांगायचं तर खऱ्या औषधांनाही अजून जमलेलं नाही. उंदरांमध्ये एमग्लुआर५ अर्ध्यावर आणलं तर बऱ्याच गोष्टी सुधारल्या, सगळीकडे आशा पसरली, पण माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत तशी औषधं अपयशी ठरली. आज हाताशी आहे ते स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण आणि चिंता, चंचलपणा, फिट्स यांवरचे उपचार, आणि लवकर सुरू केलं तर त्याचा खरंच फरक पडतो. मुलींमध्ये दुसरा एक्स काही पेशींत काम करतो म्हणून त्रास सहसा सौम्य, आणि म्हणूनच त्यांचं निदान राहून जातं.

डॉक्टरकडे जाताना घरातली माहिती जुळवून न्या. आईच्या वडिलांचे हात साठीनंतर थरथरायला लागले, चालताना तोल जातो. मावशीची पाळी चाळिशीच्या आतच थांबली. आणि नातू बोलत नाही. तीन वेगळ्या डॉक्टरांच्या तीन वेगळ्या फायली, पण तिन्हींच्या मागे हेच एक जनुक असू शकतं, कारण वाहकांनाही असे त्रास होतात. थोडं रक्त, एक डीएनए टेस्ट, आणि सी-जी-जी मोजून मिळतात.